राजासाठी राखून ठेवलेला अर्ज

तामलालत, १४ मे

प्रिय बासूदादा,

सलाम. कासाब्लांकात सगळे बरे असाल, वहिनीचा गुडघाही. इथे बदाम धरलेत, खेचर पुन्हा लंगडतंय, बाबा अजून मशिदीपर्यंत चालत जातात. तू वर्षभर पत्र पाठवलं नाहीस, म्हणून मीच लिहिते.

काल राजाच्या गाड्या आपल्या घाटातून गेल्या. पहाटेपासून सगळं गाव रस्त्याला. मी गावाला रुग्णवाहिका मागणारा अर्ज घेऊन पुढे घुसले. एक गाडी थांबली, कोट घातलेला अधिकारी उतरला. उभ्या उभ्या त्यानं सगळा अर्ज वाचला आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाला, "ताई, रुग्णवाहिका तुमचं कौन्सिल देतं. राजेसाहेबांना दिलात तरी ते तिकडेच पाठवणार. कौन्सिलला दिला होतात का?"

मी अर्ज पदराखाली घेऊन मागे सरले.

दादा, तो तुझाच अर्ज होता. तीन वर्षांपूर्वी घरोघर फिरून तू शंभर सह्या घेतल्यास, तो. कौन्सिलनं फेटाळला असं मी तुला कळवलं, ते खोटं होतं. मी तो दिलाच नव्हता. बाबा म्हणाले, "राजा येणार आहे, त्याच्याच हातात देऊ. कारकुनासमोर कशाला हात पसरायचे?" मलाही पटलं. मेणकापडात शिवून पेटीत ठेवला. राजा काही आला नाही, आणि गेल्या वर्षी दवाखान्यात नेताना आई घाटात त्या भाजीच्या ट्रकमध्येच गेली.

दफनाच्या दिवशी, अर्ज त्यानंच फेटाळला समजून, तू कौन्सिलच्या इद्दर कारकुनाची गचांडी धरलीस, तेव्हा मी शेजारी उभी होते आणि गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

आज सकाळी इद्दरकडे गेले, सगळं सांगितलं. त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "बाई, तुझ्यापायी वर्षभर गाव माझ्या तोंडावर थुंकलं." त्याचं खरं आहे. जुन्या सह्यांतले अकरा जण वारलेत, त्यात आईचा अंगठा. म्हणून नवा कागद केलाय. प्रत्येक दारात आधी माझी चूक सांगते, मग सही मागते. दोघांनी दार लावून घेतलं. उद्या परत जाईन. बाबांनी अजून सही केलेली नाही, पण ती मी घेणारच.

गुरुवारी कौन्सिल बसतंय. शंभर सह्या पुऱ्या झाल्या की स्वतः देईन आणि पोच घेतल्याशिवाय हलणार नाही.

माफ कर असं लिहीत नाही. ये, माझ्यावर हवा तेवढा ओरड. पण आधी इद्दरच्या घरी जा.

आईला लागणारा कागद पेटीत ठेवून बसलेली,
तुझी बहीण
इत्तो