दम्याच्या पंपांची अदलाबदल

अण्णा, परवा परभणीच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी मला समोर बसवून विचारलं, "दोन औषधांची तुलना चालू आहे, त्यात सामील व्हाल का?" तुम्हाला दम्यासाठी हेच विचारलं होतं. माझं दुखणं मूत्रपिंडांचं आहे. मी आता जिंतूरच्या एस.टी.वर कंडक्टर आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही, तुमच्या माघारी लागले. पायांवर सूज यायची, ती उभं राहून राहून आली असेल असं समजत होते. तपासल्यावर कळलं की मूत्रपिंडं हळूहळू थकत चालली आहेत. डॉक्टर समजावून सांगत होते आणि मी त्यांचा चेहरा निरखत होते. हा माणूस मला काय सांगत नाहीये, एवढंच मी शोधत होते. ही खोड तुमची.

तुम्ही पूर्णा जंक्शनच्या यार्डात रुळांचे काटे बदलायचं काम करायचात. मी तुमचा डबा घेऊन यायची. एकदा तुम्ही दांडा ओढलात आणि लगेच रुळांमधून चालत काट्यापर्यंत गेलात, वाकून बघितलंत. मी म्हटलं, दांडा तर ओढला ना, मग कशाला जाता? तुम्ही रागावलात. "दांडा ओढला म्हंजे काटा हलला असं नसतंय. आपल्या डोळ्यानं बघावं, मंग गाडीला वाट द्यावी." घरीही तेच. दूधवाल्याचं दूध बोटावर घेऊन बघायचं, दुकानातून आणलेली साखर जिभेवर ठेवायची. आई म्हणायची, "ह्यांला देवानं परसाद दिला तरी वास घेतील."

मग दमा वाढला. यार्डात धावपळ झेपेना, वरचे साहेब तुम्हाला हलक्या कामावर टाकायच्या गोष्टी करू लागले आणि तुम्हाला तो अपमान वाटला. त्याच वेळी परभणीच्याच एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मामा, दम्याचे दोन पंप आहेत. दोन्ही चांगले आहेत, पण जास्त चांगला कोणता ते आम्हाला अजून कळलेलं नाही. कोणाला कोणता द्यायचा ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. तुम्हाला कोणता मिळाला ते तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही." मी बारावीला होते, तुमच्या शेजारी बसले होते. तुम्ही खोकला आवरत विचारलंत, "तुमालाच ठाऊक न्हाई, अन् आमाला देऊन बघायलाव व्हय?" बाई हसल्या नाहीत. "होय," म्हणाल्या. तुम्ही आईकडे बघितलंत. आई म्हणाली, "घ्या. श्वास तर लागायलाच आहे, अजून काय वाईट व्हायचंय?"

तिथंच बाकावर तुम्हाला येलदरीचा तो मासेमार भेटला. धरणाच्या पाण्यात जाळी टाकणारा, तुमच्याच वयाचा, तुमच्यासारखाच धापा टाकणारा. दोघांना सारखे दिसणारे पंप मिळाले, फक्त वरचे आकडे वेगळे. पुढच्या खेपेला तो बाकावर आरामात बसून गप्पा मारत होता आणि तुम्ही त्याच्याकडे टक लावून बघत होतात. "लय बरा दिसायलास," तुम्ही म्हणालात. "मी? अन् तुमी? तुमी तर रेल्वेचे माणूस. चांगलं औषध तुमालाच देतील, कोळ्याला कशाला देतील?" म्हणजे त्यालाही तुमच्यासारखाच संशय! बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर, कप खाली ठेवायच्या आधीच, तुम्ही दोघांनी पंप बदलले. मी म्हटलं, "अण्णा, हे काय करताय?" तुम्ही म्हणालात, "तू गप बस. शिकलेल्या माणसाला सगळं खरं वाटतंय."

आणि तुम्हाला बरं वाटलं, अण्णा! मी ते डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही पुन्हा यार्डात पहिल्यासारखे चालताय, सकाळी शिट्टी वाजवत दाढी करताय, आईला म्हणताय, "बघ, माझा अंदाज कधी चुकायलाय का?" तिकडे त्यालाही बरं वाटलं. एका रविवारी तो ओल्या फडक्यात गुंडाळून मोठा रोहू घेऊन आपल्या क्वार्टरवर आला. तुम्ही आधी कल्ले उघडून बघितलेत, वास घेतलात, आणि तो चिडायच्या ऐवजी खूष होऊन म्हणाला, "असंच बघावं लागतंय." आईनं तीळ भाजून घट्ट कालवण केलं. तुम्ही दोघं चुलीपाशी पाटावर बसून डॉक्टरांना कसं फसवलं ते एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत होतात.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी रिकामा पंप हातात घेतला, आकडा वाचला आणि थांबल्या. "मामा, हा तुमचा नाही." तुम्ही लपवलं नाहीत. छाती पुढं काढून म्हणालात, "बदलला. अन् दोगांलाबी फरक पडला." बाईंनी पंप टेबलावर ठेवला. मग शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या दोघांचं आता काहीच मोजता येणार नाही. हे ज्यांच्या कामी आलं असतं, त्यांच्या कामी येणार नाही." तुम्हा दोघांना त्या तुलनेतून काढलं, पण त्यांनी तुमचा उपचार सोडला नाही. सगळं संपल्यावर त्यांनी तुम्हा दोघांना मुद्दाम बोलावून सांगितलं: दोघांच्याही पंपात पहिल्यापासून एकच औषध होतं.

मला हसू आवरेना. मासेमार कपाळावर हात मारून हसला. तुम्ही हसला नाहीत. परतीच्या गाडीत मिरखेल गेल्यावर मला म्हणालात, "दोगांला एकच? मंग दुसरं कोणाला दिलं? त्यांच्या वळखीच्याला दिलं असंल." तुम्ही निवृत्त होईपर्यंत काट्यावरच राहिलात, पुढं काही वर्षांनी झोपेतच गेलात, पण हा संशय तुम्ही शेवटपर्यंत सोडला नाहीत.

मी तेव्हा तुम्हाला वेडं समजले. आज वाटतं, ते औषध तर लागू पडतच असेल, पण आपण फसलो नाही या समाधानानंही तुमची छाती मोकळी होत होती. मला ते समाधान मिळत नाही. मी परवाच्या डॉक्टरांना खूप खोदून विचारलं. मधेच तब्येत बिघडली तर कोण बघणार, नको वाटलं तर सोडता येईल का, नवं औषध आणखी कोणी घेतलंय. त्यांनी न कंटाळता सांगितलं. शेवटी विचारलं, "तुमची आई माझ्या जागी असती तर?" ते म्हणाले, "तिलाही हेच विचारलं असतं. ती काय म्हणाली असती ते मला माहीत नाही." या एकाच उत्तरावर माझा विश्वास बसला. मग बाहेर पायऱ्यांवर आल्यावर वाटलं, असंच उत्तर द्यायला यांना शिकवत असतील. तरीही मी परत आत गेले आणि सही केली.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. खरं सांगते, घरी मी अजून कोणाला काही बोललेले नाही. नवऱ्याला नाही, पोरीला नाही. कळलं की ते माझ्याशी जपून, गोड बोलायला लागतील, आणि त्यांच्या एकेका शब्दाचा मला संशय यायला लागेल. म्हणून आधी तुम्हाला सांगून बघितलं.