वडील किती आहेत तुला?

बाबा, मागच्या पत्रात मी तुम्हाला स्पॅनिशमधलं 'असते तर'चं रूप चुकीचं सांगितलं. ते मूळ धातूपासून होतं, असं लिहिलं होतं. नाही. आधी भूतकाळातलं 'ते जगले' घ्यायचं, विविएरोन. त्यातलं 'रोन' काढायचं, 'रा' लावायचं: विविएरा. म्हणजे 'असते तर' कुणाचंही असो, आधी 'ते' काय करून गेले हे माहीत लागतं. मला हे फार आवडलं होतं. आता त्या रूपाची शिसारी येते.

ऑफिसच्या परीक्षेसाठी मी नारायण पेठेत शिकवणीला जाते. सरांनी वाक्य करायला सांगितलं. मी फळ्यावर लिहिलं, 'माझे वडील जगले असते तर', आणि क्रियापद लिहिलं विविएरान, अनेकवचनी. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "वडील किती आहेत तुला?" वर्ग खिदळला. "एकच, सर." "मग? तिकडे बापालाही एकवचनच." त्यांनी अंगठ्याने शेवटचा 'न' पुसून टाकला.

खडकीच्या क्वार्टरमध्ये शाळेआधीची माझी शाळा स्वयंपाकघरातच भरायची. तुम्ही फॅक्टरीतून येता, मी ओरडते, "आई, बाबा आला!" तुम्ही डबा हातात धरून उंबऱ्यातच थांबता. "मांजर आलं, पाऊस आला. बाबा?" "आले." "हं. आता आत येतो."

चूक माझी होती, ते मान्य. पण सरांना वाक्य आवडलं आणि ते सरावासाठी फळ्यावरच राहिलं. दर वेळी कुणीतरी ते पुरं करतं. "तिचे वडील जगले असते तर एव्हाना तिचं लग्न लावलं असतं." "तर तिला गाडी घेऊन दिली असती." सर म्हणतात, "शाब्बास!" काल मागच्या बाकावरच्या एकाने तोंडातला वडापाव न गिळताच म्हटलं, "विविएरा." ओठांना चटणी, बोटांना तेल, आणि त्या घासात तुम्ही. आणि मी काय केलं? त्याचा उच्चार सुधारला.

हे पत्रही आधीच्यासारखंच कपाटात जाईल. परीक्षेत मी एकवचनच लिहिणार आहे, बाबा; मार्क जायची भीती वाटते. घरच्या वहीत मात्र तुम्ही अजून अनेकवचनी आहात. पण सरांना सांगणार आहे, माझ्या वडिलांना फळ्यावरून उतरवा. कालच सांगायला हवं होतं. आता पुढचा वर्ग, सगळ्यांदेखत, हजेरीच्या आधी. गुरुवारी.