मधली सोळा पानं

३ मे
ठरलं. यंदा नववीच्या मराठीच्या तासाला महिन्याला एक कादंबरी. वर्षाला दहा. चौक गावच्या आमच्या शाळेत असं आजवर कुणी केलेलं नाही. सुट्टीत दहाही मी आधी वाचून काढणार. रोज पन्नास पानं म्हणजे किरकोळ.

४ मे
यादी टाइप केली, लॅमिनेट केली. फार देखणी झाली. त्या गडबडीत वाचन राहिलं.

१९ मे
लोधिवलीला मेव्हण्याचं लग्न. पहिली कादंबरी बरोबर नेली. हळदीचा हात लागला. आता ती भरपूर वाचल्यासारखी दिसते.

११ जून, सकाळी ६
पान ९ पर्यंत आलो. एवढ्यावरून पुढचा अंदाज येतो. नम्रता म्हणाली, पोरांना वाचा म्हणताय, तुमी कदी वाचणार? बायकोला शिकवण्यातलं काही कळत नाही.

१८ जून
वर्गात सांगितलं, ही मी चार वेळा वाचलीय. एकदा म्हणणार होतो, चार निघून गेलं. मनाला टोचलं. प्रत वर्गातल्या समिधाला वाचायला दिली. आता प्रतच नाही, तर मी वाचणार कशी?

७ जुलै
समिधाने कादंबरी संपवली! आई मोहोपाड्याला कंपनीच्या कँटीनमध्ये, घरात पुस्तक म्हणून नाही, आणि ही पोरगी संपवून बसली. वर्गात उठून म्हणाली, सर, ९६ नंतर एकदम ११३ हाय. मधली सोळा पानंच नायत. त्यात काय झालं?
चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. म्हटलं, नायकाची आई जाते. रंगवून सांगितलं. दोघी रडल्या. समिधाने वहीत लिहून घेतलं.

८ जुलै
झोप लागली नाही. कर्जतच्या वाचनालयात धड प्रत आहे म्हणे. शनिवारी जातोच.

१२ जुलै
गाडी पंक्चर. पंक्चर कालच काढलं होतं, पण जायला धीर झाला नाही.

१ ऑगस्ट
खालापूरच्या तालुका पुस्तकचर्चा स्पर्धेत समिधा याच कादंबरीवर बोलणार. पहिली आली तर जिल्ह्याला, अलिबागला. तिला उद्या खरं सांगून टाकतो.

४ ऑगस्ट
सांगितलं नाही. आत्मविश्वास ढासळला असता. तिचा.

५ ऑगस्ट
स्पर्धा झाली. मी पहिल्या रांगेत. समिधा सुरेख बोलत होती. मग म्हणाली, आई गेल्यावर नायक बदलतो. परीक्षक विमलबाई म्हणाल्या, बाळ, आई तर शेवटपर्यंत जिवंत आहे, ती गेली हे तुला कुणी सांगितलं? समिधा म्हणाली, कुणी नाय, मीच चुकीचं वाचलं. नंबर गेला.
येताना रिक्षात म्हटलं, समिधा, चूक माझी गं. ती म्हणाली, मला म्हायती व्हतं सर. ११५ पानावर आई त्याला जेवाय वाढते. पन तुमी समोर बसला व्हता, कसं बोलू?
लाज वाटली. अशी कधीच वाटली नव्हती.
चौकला उतरताना तिने विचारलं, दुसरी कादंबरी तरी वाचलीय ना? नाही म्हणालो.
मग मी आदी वाचते आणि तुमाला सांगते, म्हणाली.