व्याह्यांवर नजर

८ मार्च
लेक क्षितिजाचा सिएटलहून व्हिडिओ कॉल. जुलैत आम्ही सगळे तिकडच्या नॅशनल पार्कात तंबू ठोकून राहणार. सगळे म्हणजे मी, बायको वसुंधरा, आणि जावई शेल्डनचे आईवडील, आमचे वटारचे व्याही प्लासिड आणि अँजेलिना. एकाच पार्कात डोंगर, पावसाळी जंगल आणि समुद्र. मी म्हटलं, त्यात काय, आमच्याकडे तुंगारेश्वरचा डोंगर आहे, भुईगावचा किनारा आहे. कॉलवर प्लासिडही होता, गालात हसला. स्क्रीन अडकली होती, तरी हसलाच.
संकल्प: उद्यापासून पहाटे आचोळे तलावाला फेऱ्या.

९ मार्च
उठलो होतो. बूट सापडले नाहीत. वसुंधराने लपवले? हेतू काय?

२२ मार्च
वसुंधरा पुन्हा वटारला. म्हणे अँजेलिनाच्या वाडीतली केळी आणायची. परतली ती केळ्यांशिवाय. नखांत माती. विचारलं, तर म्हणाली, विसरले. लक्षात ठेवलंय.

१२ एप्रिल
ऑनलाइन मागवलेला तंबू आला. सोफा सरकवून हॉलमध्ये उभा केला. एक काठी उरली. कंपनीची चूक. दार छताकडे उघडतं, पण तत्त्वतः जमलं.

२६ एप्रिल
आज पुरावा मिळाला. वसुंधरा बाल्कनीत फोनवर कुजबुजत होती: "त्यांना आत्ताच सांगू नका. कळलं तर येणारच नाहीत." मी चहा घेऊन गेलो तर लगेच उकाड्याचा विषय. नंतर मोबाइल पाहिला. नंबर प्लासिडचा! माझ्याच मुलीकडे जायचं आणि मलाच कटवायचं?

१० मे
तुंगारेश्वरला एकटा गेलो. चढ उगाचच उभा आहे. उतरताना एका बाइकवाल्याने आग्रह केला म्हणून मागे बसलो. गुडघा दुखत नाही, जाणवतो फक्त.

१७ मे
न सांगता वटार. पोचल्यावर सांगितलं, वाडीत तंबूचा सराव करायचाय. प्लासिड म्हणाला, "या की जयवंतराव, वाडी तुमचीच." एवढा गोडवा? केळी, नारळ, पानवेली: जंगल म्हणून चालण्यासारखं. तंबूत आडवा झालो आणि छपरावर धाडकन काहीतरी कोसळलं. "बिबट्या!" ओरडत तंबूसकट केळीच्या आळ्यात, चिखलात. बिबट्या म्हणजे नारळाची झावळी. प्लासिडने हात धरून बाहेर काढलं.
पाय धुवायला विहिरीकडे गेलो, तर तिथे दुसरा तंबू. ताठ, नीटनेटका. आत वसुंधरा आणि अँजेलिना चहा पीत बसलेल्या. वसुंधरा दोन महिने इथे तंबू ठोकायला शिकतेय! म्हणाली, "तुम्ही हसला असता." आणि मग खरी गोष्ट बाहेर पडली: क्षितिजाने माझ्या गुडघ्यासाठी पार्कजवळ लॉजची खोली घेतलीय. कळलं तर मी रुसेन म्हणून लपवलं.
रुसलो नाही. रिक्षात बोललो नाही, एवढंच.
संकल्प: झोपेन तर तंबूतच.

१२ जुलै, पार्क
सकाळी बर्फाचा डोंगर पाहिला, गाडीतून. दुपारी जंगल: झाडांना शेवाळाच्या दाढ्या, सतत पाऊस. सगळ्यांच्या आधी तंबूत शिरून जागा पकडली. खालून ओल. गुडघ्याने मत मांडलं. क्षितिजाने विचारलं, "बाबा, खोलीत जाता का?" म्हटलं, सामान ठेवायला जातो फक्त.

तोच दिवस, संध्याकाळ, लॉज
दार उघडलं तर प्लासिड! कंबरेला पट्टा बांधून पलंगावर आडवा. पकडला, असं वाटलं. विचारलं, इथे कसे? तो उठून बसायला गेला, कळवळला. म्हणाला, "खोली माझ्यासाठीच घेतलीय, जयवंतराव. जमिनीवर झोपलो तर पोरांना सकाळी उचलावं लागेल. लाज वाटली. मीच क्षितिजाला म्हटलं, तुमच्या गुडघ्याचं नाव सांग." मग खाली बघत, "शेल्डनला कंबरेचं कळलं तर वाडी विकून इकडेच राहा म्हणेल. फक्त क्षितिजाला माहीत आहे. बाकीच्यांना सांगितलंय, तुमच्या सोबतीला आलोय. तिने सांभाळून घेतलं."
माझ्या मुलीने. चार महिने. मला एक शब्द न सांगता.
त्याला उशी दिली. पाणी गरम केलं. विचारलं, पण माझंच नाव का?
म्हणाला, "तुमच्याबरोबर बरं वाटतं. तुम्ही फार बोलत नाही. शांतपणे माणसाकडे बघत असता."
वसुंधराचा मेसेज आला: सकाळी समुद्रावर जाऊ, तंबू मी ठोकते, तुम्ही दोघं आराम करा.
प्लासिडला झोप लागलीय. आता माझ्याकडे संशय घ्यायला कोणीच उरलं नाही.