मानेखालचे बाबा

तीर्थस्वरूप सूरोनबाय दाजींस एसेन्कुलचा दोन्ही हात छातीवर ठेवून सलाम.

मेंढ्या कशा आहेत? काळी घोडी व्याली का? शिंगरू दूध पितं ना? बरं, मग ताई आणि तुम्हीही ठीक असालच. इकडे आई खणखणीत आहे, म्हणजे माझ्यावर ओरडते.

आमचे परमनेते मंगळवारी विमानात बसून पळाले, हे तुम्ही ऐकलं असेल. (आम्हाला गुरुवारी कळलं. बुधवारी आम्ही त्यांच्या वाढदिवसाची कमान रंगवत होतो.) कळल्याबरोबर गाव चौकातला त्यांचा पुतळा पाडायला निघालं, आणि मला तो पडायला नको होता. कारण तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितो, लिहिल्यानं मन हलकं होतं. राजधानीहून गावोगाव फक्त पत्र्याची डोकी आली होती. धड ज्याचं त्यानं करून घ्यायचं. आमच्या मूर्तिकाराला अकरा दिवस हात वर करून गुमान उभा राहील असा माणूस हवा होता, आणि तसा मेंढपाळ गावात एकच, आमचे बाबा. घोडीनं चावून वाकडी केलेली करंगळीसुद्धा सिमेंटात उतरली. हे बाहेर बोलायचं नाही, अशी बाबांनी आम्हाला शपथ घातली. (परमनेत्यांची करंगळी वाकडी करणं म्हणजे थेट तुरुंग.) बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. घरात त्यांचा एकही फोटो नाही. आई बाजाराला जाताना वाट वाकडी करून चौकातून जाते, ती काही परमनेत्यांसाठी नव्हे.

म्हणून मी कोटाखाली करवत लपवून गेलो. निदान हात तरी वाचवावा. सगळे पुतळ्याला दगड मारत होते, आणि कुणाला संशय नको म्हणून शिव्या मीच सगळ्यांत मोठ्यानं देत होतो. पण काम सुरू होईना. एवढं मोठं काम मेंढी कापल्याशिवाय कसं करायचं? मेंढी कापली, शिजवली. तिचं डोकं रीतीप्रमाणे सर्वांत वडील म्हणून बोलोतबेक आजोबांपुढे ठेवलं. त्यांनी कान कापून धाकट्यांना वाटले, आणि आशीर्वाद द्यायच्या वेळी अडले. पुतळा बसवताना ‘हजार वर्षं उभा राहा’ हा आशीर्वाद त्यांनीच दिलेला, आणि दिलेला आशीर्वाद परत घ्यायची रीत कुणालाच ठाऊक नाही. यात दुपार गेली. शेवटी आजोबा म्हणाले की आपण तेव्हा कुणाचं नाव घेतलं नव्हतं, सबब डोकं काढायला हरकत नाही.

स्वारांनी गळ्यात दोर अडकवून ओढलं, आणि डोकं टणकन खाली आलं. आता दाजी, घोड्यावर बसलेल्या आपल्या माणसापुढे जमिनीवर काही पडलं की हात शिवशिवतातच. आपल्या वरच्या आळीच्या सातारबेकनं वाकून ते उचललं, मांडीखाली दाबलं आणि घोडा पिटाळला. खालची आळी हिसकावून घ्यायला मागे. सणाला घोड्यांवरून पळवतो त्या बकऱ्याच्या धडाऐवजी परमनेत्यांचं डोकं, बाकी खेळाचे नियम तेच. क्रांती राहिली बाजूला. (तीन-दोन, आपण जिंकलो. नाक मात्र दुसऱ्याच गोलला गेलं.)

चौक रिकामा झाला. मी चौथऱ्यावर चढून मनगटाला करवत लावली, आणि खाली पाहतो तर बोलोतबेक आजोबा जबड्याचं हाड चोखत उभे. हुकूमशहाचा हात तोडतोय, असं काहीतरी मी बरळलो.

“उतर खाली, गाढवा,” ते म्हणाले. “बापाचा हात कापतोस? सकाळपासून सगळे दगड मारतायत, एक तरी मानेखाली लागला का?”

मी पाहिलं. साधा ओरखडा नव्हता. वीस वर्षं अख्ख्या गावाला ती करंगळी ठाऊक होती, आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी तिथेच बसून रडलो, दाजी. आजोबा हाड चोखत थांबले.

ताईला माझी आठवण सांगा.

आपला धाकटा मेहुणा,
एसेन्कुल

ता. क. : हे सगळं केवळ खुशाली कळावी म्हणून लिहिलं. तरी तुमचा ट्रक रिकामा असेल तर सोमवारच्या आत घेऊन या. सोमवारी उरलेले पुतळे फोडायला जिल्ह्याची समिती येतेय, आणि त्यांना करंगळी ठाऊक नाही. जाड घोंगड्याही आणा. वाटेत कुणी विचारलं तर फ्रीज आहे म्हणायचं. (हात वर केलेला.)

ता. क. दुसरा : आईनं तुमच्याकडच्या बाजारातली पांढरी उंच टोपी मागवली आहे, बाबा घालायचे तसली. मी म्हटलं, आई, डोकंच नाही, टोपी कशाला? तर म्हणाली, “आण तू. माप मला पाठ आहे.”