दोन खाटांमधली माळ

शुक्र. १३ फेब्रु.
सासूबाईंच्या ऑपरेशनला आज अकरावा दिवस. खुब्याची जखम अजून ओली. पू तपासायला नेलाय. ताप १०१. घरून, उमेळ्याहून पेज नेली, दोन चमचे घेतली. रोझरीचा जप मात्र पूर्ण केला, लाकडी मणी एकेक करून. शेजारच्या खाटेवर चांदीपची जनीमावशी, पित्ताशयाचं ऑपरेशन, त्यात शुगर. दिवसा तिच्याजवळ कोणी नसतं. म्हणाली, "ती माळ मना पन दे ना बाय. देव काय नाव इचारतो?" दिली. सासूबाई म्हणतात, "वाटीभर साखर कुणाला देत नाही माझी सून, आज माळ दिली."

रवि. १५
चर्चमध्ये मिस्सेला जाता आलं नाही. दोन्ही खाटांची मिळून रोझरी. दहा मणी सा.बाईंचे, दहा मावशीचे. मधे मी उभी, माळ इकडून तिकडे. मावशीला 'नमो मरिया'ची प्रार्थना अर्धी पाठ.

सोम. १६
रिपोर्ट आला. डॉ. म्हणाले, नेहमीची औषधं या जंतूंवर चालत नाहीत. एक इंजेक्शन उरलंय, तेही किडनी सांभाळून. जंतू इथलेच, हॉस्पिटलमधले. यांनी विचारलं, "आई हाड मोडून आली होती, हे कुठून?" सा.बाईंना कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत हलवलं. वय ७८.

मंगळ. १७
सिस्टरने मला हात धुवायला शिकवलं. मनगटापर्यंत, बोटांच्या बेचक्यात. "हे जंतू हातावरून जातात ताई, नाहीतर वस्तूवरून." दाराशी हाताला लावायच्या औषधाची बाटली असते. मी रोज जेमतेम थेंब घ्यायची, वाया कशाला म्हणून. आणि माळ तर...
पुढे लिहवेना.

बुध. १८, राखेचा बुधवार
चर्चमध्ये कपाळाला राख लावून थेट हॉस्पिटलात. जनीमावशीला कालपासून थंडी वाजून ताप. तिच्या जखमेचाही पू तपासायला नेला. सिस्टरला गाठून माळेचं सगळं सांगितलं. म्हणाली, "कुणाकडून गेलं ते आता कसं सांगणार? आमच्याही हातून गेलं असेल. माळ द्या इकडे." पिशवीत बांधून घेतली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

शुक्र. २०
सा.बाई सकाळी ९९, संध्याकाळी परत १०२. लघवी कमी. माळ कुठे, विचारत होत्या. म्हटलं, बोटांवर करू, दहाच तर लागतात. सातव्या बोटाला डोळा लागला त्यांचा.

निघताना जनीमावशीच्या खाटेपासून लांबच उभी राहिले. रिपोर्ट उद्या.
"बाय, माळ नाय आनली?"
"सिस्टरकडे आहे. धुवायला."
"मंग उद्या आन. ती पुढची ओळ इसरले मी."

उद्या रिपोर्टच्या आधी तिला माळेचं सांगायचं. आता तरी असं ठरवलंय. फादरांपाशी पापनिवेदन करता येईल, पण ताप मावशीला आहे.