वटपौर्णिमेचं तुझं मागणं

प्रिय शकू,

आज वटपौर्णिमा. तू गेल्यानंतरची पहिली. सकाळपासून आपल्या सुनेची चोरट्यासारखी हालचाल चालली होती. सुनीताने नथ पदराआड लपवली आणि पूजेचं ताट घेऊन मागल्या दाराने निघाली. सासऱ्याला दिसू नये म्हणून! मला तिचा राग आला आणि मायाही वाटली. हाक मारून तिला पुढच्या दाराने जायला लावलं. ती गेली आणि घर खायला उठलं, म्हणून हे लिहायला बसलोय.

तुझ्याशी मला भांडायचंय.

दरवर्षी या दिवशी मी दुपारी दुकानातून आलो की तुला चिडवायचो, "काय, पुढचे सात जन्म हाच का नवरा?" तू आंबा चिरता चिरता म्हणायचीस, "सात जन्म कोण मागतंय वो? तुमच्या आधी मला न्यावं, एवढंच मागते की." मी हसायचो. अळणावरची पोर, मनात आलं की ओठावर! मला वाटायचं, सगळ्याच बायका म्हणतात तसं ही म्हणते. तू खरंच मागत होतीस ना?

आणि तेही मला न विचारता?

तुला विचारायची सवय होतीच कुठे म्हणा! आपल्या प्रकाशने गोकुळ रोडला स्वतःचं वर्कशॉप काढलं, तेव्हापासून दुपारची तू दुकानात बसायला लागलीस. मी गिऱ्हाइकाला इरकल उलगडून दाखवतोय, सौदा ठरत आलाय, आणि तू मागून त्या बाईला, "ब्याडरी, बण्ण होगतैती!" नको, रंग जातो म्हणे! मालकाची बायको! मी घरी येऊन तणतणायचो आणि तू भाकऱ्या थापत राहायचीस. दुसऱ्या दिवशी तीच बाई आणखी दोघींना घेऊन दुकानात यायची.

दवाखान्यात नाकात नळी असताना तू सुनीताला खूण करून आरसा मागायचीस. कपाळावरचं कुंकू नीट आहे ना, एवढंच बघायचीस. आणि मला एकच प्रश्न, "जेवलासा?" मी रोज हो म्हणायचो. तुझ्यामागे माझं कसं होणार, हा विचार तुला शिवला नाही का गं?

तू गेलीस त्या दिवशी गल्लीतल्या बायका आल्या. तुझा मळवट भरला, ओटी भरली, तुझ्या पायांवर डोकी ठेवली. समोरच्या गंगक्का मला म्हणाल्या, "मुत्तैदी आगि होदळ्री, पुण्यवंती!" अहेव गेली, भाग्याची. दिवसभर ज्याने त्याने हेच ऐकवलं. शकू, हे भाग्य तुझं. माझ्या वाट्याला काय आलं?

तुला नेसवायला हिरवं इरकल हवं होतं. प्रकाशने दुकान उघडलं. मी गादीवर बसलो, घडी मोडली, पदर पसरला, कुठे धागा सुटलाय का पाहिलं. कागदात बांधून लुगडं त्याच्या हातात दिलं आणि म्हणालो, "रंग आवडला नाही तर उद्या परत आण म्हणावं." जिभेला लागलेली सवय! प्रकाश माझ्याकडे बघतच राहिला. मग आम्ही बापलेक तिथेच गादीवर बसून रडलो.

तर या पत्रात मी तुला ठणकावून सांगणार होतो, की पुढच्या जन्मी आधी जायची पाळी माझी. एकदा तुझं झालं, आता माझं. सरळ हिशेब!

तेवढ्यात सुनीता वडावरून आली. आल्या आल्या तिने मला वाकून नमस्कार केला. मागोमाग गौरी आली आणि माझ्या मांडीवर चढून म्हणाली, "आज्जा, आज्जी वडाला काय मागत होती?" तुझी नात ती, सांगितल्याशिवाय सोडते होय! मी सांगितलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग तू आधी गेला असतास, तर आज आज्जी कुठल्या दारानं गेली असती?"



शकू, तू कुठल्याच दाराने गेली नसतीस. ज्या बायकांनी तुझा मळवट भरला, त्यांनीच तुझं कपाळ पुसलं असतं, बांगड्या फोडल्या असत्या. गल्लीत कुणाचंही डोहाळजेवण असो, पहिली ओटी तू भरायचीस. ती तू आज सणाच्या दिवशी स्वयंपाकघरात तोंड लपवून बसली असतीस. मला मात्र कुणी काही पुसायला सांगितलं नाही. टोपी घातली आणि पुढच्या दाराने दुकानात गेलो.

आता भांडण मिटवतो. सुनीताने दिलेला आंबा समोर आहे, खाईन. रोज जेवेनही, खोटं सांगणार नाही. आणि एक वचन देतो शकू. पुढच्या जन्मी पुन्हा वडाला जाशील, तेव्हा हेच माग. आधी तू जा. मागे मी राहीन.

तुझा,
प्रकाशचे अप्पा